नकाशात डावं-उजवं नसतं

"नकाशावरून डावं-उजवं सांगायचं नाही, अपेक्षा. उठायचं, रचना वळवून बघायची, आणि मगच तोंड उघडायचं."

तिचे मार्गदर्शक नवाब सर, त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. तरी विद्यापीठातल्या विभागाच्या त्या कोपऱ्यात संगणकासमोर बसलं, की अपेक्षाला हा आवाज मागून ऐकू यायचा. दम्यामुळं सर वाक्य मधेच तोडत. ती नवीन असताना त्यांनी तारेची दोन वेटोळी टेबलावर ठेवली होती, एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. दोन्हींत मणी ओवलेले. कोणता मणी कुणाला टेकलाय ते मांड, म्हणाले. तिनं मांडलं, तर दोन्हींचा नकाशा तंतोतंत एक आला. सर हसले. "टेकणं खरं, अंतर खरं. आणि तरी तू चुकीचं नाव सांगशील."

तिचं काम तसं एवढंच होतं, कोण कुणाला टेकलंय ते बघणं. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती स्वतःभोवती गुंडाळते, आणि माळेत एकमेकांपासून फार लांब असलेले मणी येऊन एकमेकांना भिडतात. या मण्यांना रेसिड्यू म्हणतात. प्रत्येक जोडीतलं अंतर मोजायचं, जवळ असतील तिथं चौकोनी नकाशावर ठिपका द्यायचा. अपेक्षाचं प्रोटीन माणसाच्या नसांमधलं होतं. त्याच्या पोटात एक अरुंद, खोल घळ असते आणि घळीच्या तळाशी सेरीन नावाचा एक रेसिड्यू बसलेला असतो. कापसावर फवारायचं औषध अंगात गेलं की त्या घळीत उतरतं आणि सेरीनचा गळा धरतं. मग नसा थांबायचं विसरतात. डोळे, नाक, तोंड, फुप्फुसं, सगळं पाझरायला लागतं. माणूस कोरड्या अंथरुणावर आपल्याच पाण्यात बुडून मरतो.

तिनं हा विषय घेतला तेव्हा धाकटी बहीण श्रेया हसली होती. "ताई, आमच्याकडं तर हे डबे गोठ्यात खुंटीला टांगलेले राहतात. तू त्याच्यावर डॉक्टर व्हणार व्हय?"

श्रेयाचं सासर गंगापूरच्या पुढं, नदीच्या अंगाला. घरात दोन भाऊ. थोरला विश्वजीत हा तिचा नवरा, धाकटा गोकुळ. गोठ्यातल्या कडबा कापायच्या कुट्टीनं लहानपणी गोकुळच्या उजव्या हाताचं मधलं बोट खाल्लं होतं आणि पुढं विश्वजीतच्या डाव्या हाताचं. सोयरीक जुळताना त्यांचाच एक चुलता म्हणाला होता, "पाहुणे, घाबरू नका. दोघं शेजारी बसले का आरशात पाह्यल्यावानी दिसतात. कुट्टीनं न्याय सारखा केला." सगळे हसले होते. श्रेयासुद्धा.

लग्नाच्या पहिल्या वर्षी विश्वजीतनं तिच्या कानशिलात मारून कानाचा पडदा फाडला. मग दात पाडला. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागायचं ती म्हणाली, त्या दिवशी तिचा तळहात तापल्या तव्यावर धरला. दरवेळी माहेरचा भाऊ इंद्रजीत मोटारसायकल काढून जायचा, तिथं दोन शिव्या द्यायचा, चार घ्यायचा. मग गावातली माणसं मधे पडायची आणि चहा व्हायचा.

नागपंचमीला श्रेया माहेरी आली होती. सिडकोतल्या त्या दोन खोल्यांत संध्याकाळी अपेक्षा देवापुढं वात लावत होती. सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात थेंब घ्यायचा नाही, आणि दिवस मावळेपर्यंत कुणाला कठोर शब्द बोलायचा नाही, हा तिचा रोजचा नेम. आई, म्हणजे सरूबाई, म्हणायची, या नेमापायीच हिला कुणी भीत नाही.

"ताई," श्रेया मागं येऊन बसली. हातावर जळल्याची गुलाबी कातडी. "मला काही झालं ना, तर म्हणतील तिनंच केलं. तू मात्र बघून सांग."

"असं बोलू नको दिवेलागणीला."

"दिव्यासमोरच बोलते मंग. ज्यानं केलं त्याचंच नाव घे. दुसऱ्याचं घेऊ नको. त्या घरात सगळेच तसले नाहीत. गोकुळभाऊजी मधे पडतात, मार खातात माह्यापायी." ती थोडी थांबली. "इंद्राला काय, कोणी पण चालतंय. तू नीट बघशील. व्हय म्हण."

अपेक्षानं वातीवर हात धरला आणि हो म्हणाली.

श्रेया चार दिवस राहून परत गेली. दिवाळी झाली. आणि एका गुरुवारी दुपारी गोकुळनं तिला जीपमध्ये आडवी घालून शहरात सरकारी दवाखान्यात आणलं.

अपेक्षा पोचली तेव्हा तिला आत नेलं होतं. बाहेर गोकुळ भिंतीला टेकून उभा होता. शर्टाला औषधाचा वास, सगळी छाती ओली. तोंडातून शब्द फुटेना. मागून विश्वजीत आला आणि जमिनीवर बसून मोठ्यानं रडू लागला. गोकुळ त्याच्याकडं न बघता उठला आणि बाहेर निघून गेला, तो परत आलाच नाही. दवाखान्याच्या चौकीतल्या हवालदारासमोर विश्वजीतनं सांगितलं, की सकाळी थोडी बोलाचाली झाली, बाईच्या जातीला राग, तिनं खुंटीवरचा डबा काढून तोंडाला लावला.

"स्वतः?" अपेक्षानं हळूच विचारलं.

"मंग काय मी पाजलं?" विश्वजीत म्हणाला आणि पुन्हा रडू लागला. डावा हात त्यानं गळ्यातल्या गमछात गुंडाळून घेतला होता.

आत एका वेळी एकच माणूस सोडत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रजीत आत जाऊन आला तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

"ताई, तिच्या गालावर वण हायेत. बोटांचे. काल नव्हते दिसत, आज काळेनिळे पडलेत. कुणीतरी जबडा धरून पाजलंय तिला." त्यानं फोन पुढं केला. "एका बाजूला ती मशीन, पलीकडचा गाल दिसेना. म्हणून फोन उलटा धरला, आपलं तोंड दिसतं तसला कॅमेरा लावला अन् वरून काढला. बघ."

अपेक्षानं बघितलं. तोंडात नळी, डोळे चिकटपट्टीनं मिटलेले. नाकातली चमकी निघाली नव्हती, तिच्यावरही नर्सनं पट्टीचा तुकडा लावला होता. आणि गालांवर ते वण. एका गालावर एकच मोठा, अंगठ्याचा. दुसऱ्या गालावर बोटांचे. पण चार नव्हते, तीनच. एक, मग मोकळी जागा, मग दोन.

"मधलं बोट नाही," ती म्हणाली.

"ते दिसतंयच. पण कुणाचं नाही? दोघांना पण नाही. ताई, तू मोजून सांग. तुझं कामच ते हाय."

"इंद्रा, तू काय करणार आहेस?"

"तू नाव सांग."

ती विभागात गेली. गुरुवारचा उपास सोडला नव्हता, तशीच. फोटो पडद्यावर घेतला आणि ती रेसिड्यूंवर जशा खुणा देते तशा वणांवर दिल्या. अंगठ्यापासून पहिल्या बोटापर्यंत, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत, प्रत्येकापासून प्रत्येकापर्यंत अंतर काढलं. नकाशा मांडला. नकाशात एक ओळ रिकामी होती, जिथं कुणी कुणाला टेकलं नव्हतं. प्रोटीनमध्येही अशी रिकामी ओळ दिसली, की ती आधी तिकडं बघायची. जे टेकलं नाही तेही काहीतरी सांगतं.

अंतरं दोघांच्या हातांना सारखीच लागू पडत होती. मग राहिलं डावं-उजवं. तिनं फोटोकडं बघितलं. अंगठा श्रेयाच्या उजव्या गालावर, बोटं डाव्या गालावर. समोरून जबडा धरायचा तर असं उजव्या हातानंच धरता येतं. उजव्या हाताला मधलं बोट नाही तो गोकुळ. औषधानं भिजलेला शर्ट गोकुळचा. तिला गाडीत घालून आणणारा आणि तोंडातून शब्द न काढणारा गोकुळ. सगळं येऊन एकमेकांना भिडलं.

तिला वाईट वाटलं. श्रेयानं त्याचं किती चांगलं सांगितलं होतं. पण चांगलं सांगणाऱ्या बायकाच मरतात, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं इंद्रजीतला एका शब्दाचा मेसेज पाठवला.

*गोकुळ.*

त्याचं उत्तर आलं नाही.

दुपारी कहकशा आली. दोघी एकाच खोलीत काम करायच्या. कहकशा शहागंजची, तोंडानं फटकळ, मनानं भित्री. हिचे उपास आणि तिचे रोजे यांमुळं कँटीनवाला आपल्याला शिव्या देतो, असं ती नेहमी म्हणायची. आज ती अपेक्षाच्या मागं उभी राहून पडद्यावरचा फोटो बघत राहिली.

"अल्ला. हाथ है की सांडशी," ती पुटपुटली. मग थोड्या वेळानं, "अपेक्षा, हिनं चमकी कुठल्या बाजूला टोचली होती?"

"डावीकडं. सगळ्यांचीच डावीकडं असते."

"आमच्या अम्मीची पण डावीकडंच. मग ही उजवीकडं का दिसतेय?"

अपेक्षा पडद्याकडं बघू लागली. पट्टीखालची चमकी. अंगठ्याच्या वणाच्या बाजूला.

"फोटो उलटा आहे," कहकशा म्हणाली. "सेल्फीवाल्या कॅमेऱ्यानं काढलाय ना? माझ्या फोनमध्ये पण असंच येतं. दुकानाच्या पाट्या उलट्या येतात."

अपेक्षा उठली. तिनं कहकशाच्या हनुवटीला आपला उजवा हात लावला. अंगठा कहकशाच्या उजव्या गालावर टेकला. मग तिनं डावा हात लावला. अंगठा डाव्या गालावर गेला, जिथं चमकी असते तिथं.

"विश्वजीत," ती म्हणाली.

मागून सरांचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. तिनं इंद्रजीतला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. आईला लावला. सरूबाई म्हणाली, "तो केव्हाच गेला की वाळूजच्या दोन दोस्तांना घेऊन. जीप होती. मी म्हणलं कुठं, तर म्हणाला गवत कापायला."

कहकशानं स्कूटीची किल्ली आधीच हातात घेतली होती. "बैठ. पकडून बस. माझ्या मागं बसून देवाचं नाव घे, पण डोळे मिटू नको, मला खड्डे सांग."

वाळूजचे कारखाने मागं पडले. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या. अपेक्षा देवाचं नाव घेत होती, पण दर वेळी तिच्या तोंडी गोकुळ येत होतं. गंगापूर ओलांडल्यावर कहकशानं मान मागं वळवून विचारलं, "मी बाहेर थांबू का? तुमच्या घरच्या भानगडीत माझं नाव ऐकून आणखी दुसरंच काही सुरू व्हायचं."

"थांब."

पण गोठ्याशी पोचल्यावर ती थांबली नाही.

आत बैल बुजून दावणीला हिसके देत होते. जमिनीवर कडब्याच्या पेंढ्या विस्कटलेल्या, त्यांच्यावर रक्त. गोकुळ गुडघ्यांवर होता. एका दोस्तानं त्याचे केस धरले होते, दुसऱ्यानं कंबरेला गुडघा लावला होता. नाक मोडून एका बाजूला झुकलं होतं. एक डोळा पूर्ण बंद. उजव्या हाताची बोटं लोखंडी गजानं ठेचलेली, कुठलं कुणीकडं वळलंय ते कळत नव्हतं. तो हात दोरीनं कुट्टीच्या तोंडात बांधला होता. इंद्रजीत कुट्टीच्या बटणापाशी उभा होता. त्याच्या शर्टावर, दाढीवर, पापण्यांवर बारीक लाल शिंतोडे होते.

"शेवटचं इचारतो," तो शांतपणे बोलत होता, आणि तेच भयंकर होतं. "कामून पाजलं?"

"म्या न्हाई पाजलं," गोकुळच्या तोंडातून रक्ताचा फुगा आला. "म्या डबा हिसकला."

"हिसकला म्हणं. हात तुझा, वण तुझे. ताईनं मोजलंय."

"इंद्रा," अपेक्षा म्हणाली. तिचा आवाज मुळात लहान. बैलांच्या हिसक्यांत तो कुणाला ऐकू गेला नाही. इंद्रजीतनं बटणावर बोट ठेवलं. अपेक्षा पुढं गेली, कुट्टीच्या घमेल्यात गोकुळच्या ठेचलेल्या हाताशेजारी तिनं आपला हात घातला, पार पात्याच्या अलीकडंपर्यंत, आणि उभी राहिली.

"आता दाब."

इंद्रजीत वळला. "ताई, हात काढ."

"दाब ना. माझं ऐकून आलास ना इथवर? मी सांगते दाब."

"येडी झालीस काय?"

"फोटो उलटा होता, इंद्रा. तिची चमकी उजवीकडं दिसत होती. मी बघितलं नाही. तो डावा हात आहे. गोकुळचा नाही."

 गोकुळचं रक्त घमेल्यातून वाहत अपेक्षाच्या मनगटापर्यंत आलं, कोमट. इंद्रजीतचं बोट बटणावरच होतं. त्याचं तोंड थोडं उघडं राहिलं. ज्या दोस्तानं केस धरले होते तो म्हणाला, "च्यायला, मंग आपण हे कुणाला मारलं?" आणि त्यानं केस सोडले. गोकुळ पुढं कोसळला. दोरीनं हात वरच अडकून राहिला आणि त्या हाताच्या हाडातून आलेला आवाज सगळ्यांनी ऐकला.

त्यानंतर किंचाळी आली.

कहकशानं दोरी कापली. कशानं, तर तिथंच पडलेल्या विळ्यानं. ती एकसारखी शिव्या देत होती, दोन्ही भाषांत. "उभे काय राहिलात, मुर्दाडांनो? जीप काढा. ह्या माणसाला उचला. मारायला तिघं आणि उचलायला कुणी नाही."

गोकुळला जीपमध्ये घातला. अपेक्षानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. फुपाट्याच्या रस्त्यानं जीप उडत होती आणि प्रत्येक खड्ड्याला त्याच्या घशातून कुत्र्याच्या पिलासारखा आवाज येत होता. पुढं इंद्रजीत गाडी चालवत होता. त्यानं आरसा वळवून ठेवला होता, मागचं दिसू नये म्हणून.

"तुम्ही बघितलं का?" अपेक्षानं गोकुळला विचारलं. "त्यांनी पाजताना?"

 तो उघड्या डोळ्यानं तिच्याकडं बघत म्हणाला, "वैनीला खाली पाडून छातीवर बसला व्हता. डाव्या हातानं जबडा, उजव्या हातानं डबा. म्या डबा वढला तं निम्मा माह्याच अंगावर सांडला. निम्मा आत गेला व्हता."

"हे पोलिसांत सांगाल?"

"न्हाई."

"गोकुळभाऊ."

"भाऊ हाय माहा." त्यानं डोळा मिटला. "तुमी सांगा. तुमी सांगितलं तं म्या खोटं हाय असं म्हणनार न्हाई. तेवढंच व्हईल माह्याच्यानं."

दवाखान्याच्या दारात जीप थांबली तेव्हा ऊन कलत होतं. गोकुळला स्ट्रेचरवर नेलं. पायऱ्यांवर सरूबाई बसली होती, पदर तोंडात कोंबून. तिला काही विचारावं लागलं नाही.

श्रेया दुपारीच गेली होती.

अपेक्षा आत गेली. या वेळी कुणी अडवलं नाही. नळी काढली होती, तोंडाला फेसाची पांढरी रेघ वाळलेली. तिनं चादर खाली केली आणि उभी राहून बघितलं. घाई केली नाही. डावीकडं गेली, मग उजवीकडं. अंगठ्याचा वण डाव्या गालावर, चमकीच्या बाजूला. बोटं उजव्या गालावर, मधे मोकळी जागा. मानेवर कधीचे तरी दोन वण, ते पिवळे पडले होते. आपला डावा हात तिनं त्या चेहऱ्यावर धरला, टेकवला नाही. मधलं बोट आत वळवलं. उरलेली बोटं जिथं आली तिथंच ते काळे डाग होते. पोस्टमॉर्टेमच्या डॉक्टरांना दोन्ही गालांचं सांगायचं, असं तिनं मनाशी ठरवलं, आणि बाजूंची नावं दोनदा म्हणून पाहिली.

बाहेर आली तर व्हरांड्यात आरडाओरडा. इंद्रजीतनं विश्वजीतला भिंतीला दाबलं होतं, कोपर त्याच्या गळ्यावर. विश्वजीतचा चेहरा जांभळा, टाचा जमिनीवर घासत होत्या. दोन वॉर्डबॉय मागून ओढत होते, इंद्रजीत हलत नव्हता. "बोल. डाव्या हातानं धरलं ना? बोल." त्यानं विश्वजीतचा डावा हात गमछातून ओढून काढला आणि भिंतीवर आपटला, एकदा, दोनदा. प्लास्टरवर डाग पडला.

शेवटी सोडवलं. विश्वजीत खाली बसून खोकत राहिला. खोकता खोकता हसला.

"मार ना," तो म्हणाला. "आणखी मार. माह्या भावाचा हात तोडला तुम्ही. घरात घुसून, तिघांनी. पाह्यणारे लई हायेत." त्यानं तोंड पुसलं. आता तो रडत नव्हता. सरूबाईकडं वळून तो अगदी जावयाच्या अदबीनं बोलला. "मामी, गेलेली गेली. तुम्ही म्हणा तिनं सवताच घेतलं. मी म्हणतो गोकुळ कुट्टीत अडकला. तुमचा पोरगा घरी, मी घरी. न्हाई तं दोघं बी आत. तुम्हीच ठरवा."

सरूबाईनं मान खाली घातली. ती नाही म्हणाली नाही, हे अपेक्षानं बघितलं.

घरी कुणी चूल पेटवली नाही. सकाळी अपेक्षानं आंघोळ केली. तुळशीला पाणी घातलं आणि मगच स्वतः घोटभर प्याली. देवापुढची वात सारली. सरूबाई उंबऱ्यापाशी बसली होती, रात्रभर तिथंच बसली असावी.

"कुठं निघालीस?"

"आधी डॉक्टरांकडं, तिला चिरायच्या आधी. मग पोलिसांत."

"इंद्राचं पण सांगणार?"

"सगळं सांगणार."

"एक लेक गेली. आता लेकाला पण घालव." सरूबाईचा आवाज चढला नाही, पण शब्द दगडासारखे आले. "त्या मेलेलीला काय कळणार आता, तू कुणाचं नाव घेतलं ते? ती येणारे का उठून? तुझे नेम, तुझे उपास. देवाला खूश करायला आमची घरं जाळ."

 दिवस मावळेपर्यंत कठोर बोलायचं नाही, हे आज सोडून द्यावंसं अपेक्षाला वाटलं. पण बोलण्यासारखं काही उरलंही नव्हतं. माझ्या एका शब्दावर गोकुळचा हात गेला, हे आईला सांगून काय होणार होतं. ते जिथं सांगायचं तिथंच सांगायचं.

बाहेरच्या पायरीवर इंद्रजीत बसला होता. अंगातला शर्ट कालचाच, डाग वाळून काळे पडलेले. गजावर वळलेली त्याची बोटं सुजली होती. मुठी वळता येत नव्हत्या, म्हणून हात गुडघ्यांवर उघडे टाकले होते. त्यानं वर बघितलं.

"ताई, माझं नाव पहिल्यांदा घे," तो म्हणाला. "विश्वजीतनं घेण्याच्या आधी. मग तो काय बोलणार."

"बरोबर ये मग."

"मागून येतो. पळून जाणार नाही. थोडा वेळ बसू दे."

"आईला एकटी सोडू नको तोवर."

तिनं चपला शोधल्या. त्या पायरीच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या पायांमागं होत्या. इंद्रजीतनं खाली वाकून सुजलेल्या बोटांनी त्या तिच्या पुढ्यात सरकवल्या, डावी डावीकडं, उजवी उजवीकडं, आणि पाय जवळ घेऊन तिला वाट करून दिली.

कहकशा क्रांती चौकात स्कूटी घेऊन उभी राहणार होती. गल्लीच्या तोंडाशी दूधवाला सरूबाईच्या नावानं हाक मारत होता, त्याला अपेक्षानं हातानंच आज नको अशी खूण केली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि कुणाला आवाज न देता ती चालू लागली.